करडा स्क्रीन आणि ४०,९७६ बाइट्स: जुन्या कन्सोलसाठी टूल्स लावताना

आज गेम खेळायचा नाही, बनवायची तयारी करायची आहे. आणि तीही अशा मशीनसाठी, जे १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम म्हणून आलं आणि १९८५ पासून अमेरिकेत एनईएस म्हणून विकलं गेलं. आपल्याकडे पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. टीव्हीला जोडायचा डबा आणि कॅसेट. तुमच्यापैकी काहींच्या दादा-ताईने ती कॅसेट फुंकून फुंकून लावलेली असेल.

अशा जुन्या कन्सोलसाठी हौसेने, घरच्या घरी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे होमब्र्यू. (मॅकवर याच नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ते वेगळं. पण मॅकवाल्यांना आज तेही लागणार आहे.)

मी डिप्लोमा आणि बीटेकच्या बऱ्याच मुलामुलींशी यावर बोललोय. जवळपास सगळे एकाच जागी सोडून देतात. टूल्स टाकली, कुठला तरी कोड आणला, बिल्ड झाला, एकही एरर नाही, आणि समोर करडा स्क्रीन. दोन संध्याकाळी अशा गेल्या की "लो-लेव्हल आपल्याला जमत नाही" असं ठरवून मोकळे. एक जण तर तेवढ्यावरून एम्बेडेडचा इलेक्टिव्ह बदलायला निघाला होता! म्हणून आज त्या करड्या स्क्रीनबद्दलच जास्त बोलू.

टूल्स टाकणं सोपं आहे, पटकन सांगतो. सीसी६५ नावाचं फुकट पॅकेज आहे. उबुंटूवर एपीटीने, मॅकवर ब्र्यूने येतं. विंडोजवर झिप सोडवायची आणि त्यातलं बिन फोल्डर पाथमध्ये घालायचं. यात सीए६५ हा असेंब्लर आणि एलडी६५ हा लिंकर मिळतो. चालवून बघायला मेसेन हा एम्युलेटर. चित्रांसाठी वायवाय-सीएचआर. जुना लॅपटॉप चालेल. लॅपटॉपच नसेल तर एटबिटवर्कशॉप फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. स्क्रीन अपुरा पडतो, पण कोड बदलला की काय होतं ते तिथेही दिसतं.

आता मुद्द्याचं. आपण पायथन लिहितो तेव्हा खाली ऑपरेटिंग सिस्टिम असते. इथे ती नाहीच. कॉलेजच्या लॅबमधलं ८०८५ चं किट आठवा, हेक्स कीपॅडवालं. तसंच काहीसं, फक्त प्रोसेसर ६५०२ घराण्यातला. रॅम किती? २ केबी. तुमच्या व्हॉट्सॲपच्या डीपीलाही ती पुरणार नाही.

वीज आली की हा प्रोसेसर एकच गोष्ट करतो. एफएफएफसी आणि एफएफएफडी या दोन पत्त्यांवर जातो, तिथे लिहिलेला पत्ता उचलतो आणि तिकडे उडी मारतो. तुमचा प्रोग्रॅम कितीही सुंदर असो, त्या दोन बाइट्समध्ये चुकीचा पत्ता असेल तर तो कधी सुरूच होत नाही. आणि ते बाइट्स तिथे बसवणं हे लिंकरचं काम, जे तो कॉन्फिग फाइल वाचून करतो. लोक ती फाइल कुठून तरी उचलतात आणि उघडूनही बघत नाहीत. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वात आधी वाचायची फाइल तीच आहे. पंचवीस-तीस ओळी असतात, पण मशीनचा अख्खा नकाशा त्यात असतो.

म्हणून करडा स्क्रीन दिसला की कोडला हात लावू नका. आधी फाइलचा साइज बघा. सगळ्यात साधी कॅसेट घेतली तर १६ बाइट्सचं हेडर, ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं. बेरीज ४०,९७६. एक बाइट जरी इकडेतिकडे असेल तर गडबड कॉन्फिगमध्ये आहे. (सुपर मारिओ ब्रदर्स एवढ्याच ४० केबीत बसवलाय. ढग आणि झुडूप एकच चित्र आहे त्यात, फक्त रंग बदललाय.)

साइज बरोबर आला तर मेसेनचा डिबगर उघडा, रीसेट करा आणि एकेक सूचना पुढे सरकवा. तुमच्या पहिल्या ओळीवर तो थांबतोय का? थांबत असेल तर टूल्स नीट लागलीत. आता जे काही चुकतंय ते तुमच्या कोडमध्ये आहे आणि ते डोळ्यांना दिसतं. हा फरक कळला की घाबरायला होत नाही.

पहिला प्रोग्रॅम म्हणून गेम नको. स्क्रीन निळा करा. मग नाव लिहा, मराठीत. इथे खरी मजा आहे, कारण कन्सोलमध्ये फॉन्ट नसतो. प्रत्येक अक्षर तुम्हीच काढायचं, ८ बाय ८ च्या चौकटीत. इंग्रजी अक्षर त्यात आरामात बसतं. आपल्याला वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, खाली उकार! त्यामुळे चार चौकटी जोडून १६ बाय १६ घ्या. एका चौकटीला १६ बाइट्स, म्हणजे एका अक्षराला ६४. शिरोरेषा सगळ्या अक्षरांत एकाच ओळीवर ठेवा, नाहीतर 'नमस्कार' पायऱ्या उतरत जाईल.

एक सावधगिरी. एम्युलेटर लाड करतो. खऱ्या मशीनमध्ये वीज आल्यावर रॅममध्ये काहीही कचरा असू शकतो, शून्यच असेल असं नाही. मेसेनच्या सेटिंगमध्ये रॅम रँडम ठेवा आणि मगच तपासा. तसंच ग्राफिक्सची चिप तयार व्हायला थोडा वेळ घेते. सुरुवातीला दोन व्हीब्लँक थांबायचं आणि मग तिच्याशी बोलायचं.

आणि हो, दुसऱ्यांचे गेम डाउनलोड करण्याबद्दल मेसेज करू नका. तो वेगळा विषय आहे, आणि कॉपीराइटचा आहे. आपण लिहिलेलं आपलं.

पुढच्या भागात कंट्रोलर वाचू. आठ बटणं, पण पत्ता एकच: ४०१६. तोवर ४०,९७६ जुळवून ठेवा. भेटू.