उंबरठ्याच्या अलीकडेच

आज मी बेघर माणसांविषयी आणि त्यांना आपल्या गावात, आपल्या वॉर्डात मिळू शकणाऱ्या मदतीविषयी बोलणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक माणसं एका रात्रीत रस्त्यावर येत नाहीत. त्याआधी कित्येक महिने त्यांचं घर हातून निसटत असतं आणि त्या काळात त्यांना सावरता येतं. त्यासाठी कायदे आहेत, कार्यालयं आहेत. कमी पडतं ते त्या कार्यालयाच्या दारापर्यंत सोबत येणारं माणूस.

आधी रस्त्यावर आलेल्यांचा विचार करू. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणक स्टेशनं, पूल, देवळांची आवारं फिरले आणि उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी केली. देशात अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं आढळली. महाराष्ट्रात ती २ लाखांहून अधिक होती. यांतले पुष्कळ जण रोज राबणारे आहेत. कुणी नाक्यावर उभा राहणारा मजूर, कुणी मार्केट यार्डातला हमाल, कुणी लग्नसराईतला वाढपी, कुणी कचरावेचक बाई. पहाटे माल उतरवायचा तर मुक्काम बाजाराजवळच हवा. लांबच्या वस्तीत खोली घ्यायची म्हटली, तर डिपॉझिट आणि रोजचं गाडीभाडं आलं. दिवसाची कमाई त्याला पुरत नाही.

हा मुद्दा आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८१च्या जुलैत, ऐन पावसात, मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना शहराबाहेर पाठवण्याची मोहीम सुरू झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी दाद मागितली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो, कारण त्याचं काम तिथे जवळ असतं, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला. पावसाळा उलटून ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, असा दिलासा मिळाला. हक्काला मान्यता मिळाली, पण त्या रात्री डोकं कुठे टेकायचं, याचं उत्तर मिळालं नाही.

ते उत्तर पुढे निवारा केंद्रांच्या रूपाने येऊ लागलं. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांबाबत आदेश दिले. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष ठरवले. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय असावी, माणशी ५० चौरस फूट जागा असावी आणि निवारा वर्षभर, चोवीस तास उघडा असावा. जागा स्टेशन, एसटी स्टँड, बाजार यांच्याजवळ हवी. आपल्या शहराची लोकसंख्या घ्या आणि हा हिशेब इथे बसल्या बसल्या करून पाहा. मग निवाऱ्यात जाऊन विचारा. नवरा, बायको आणि मुलं एकत्र राहू शकतात का? हातगाडी आत घेता येते का? रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोपू देतात का? या तीन प्रश्नांना नकार मिळाला, तर ते केंद्र रिकामं का पडतं, हे वेगळं शोधायला नको.

आता उंबरठ्याच्या अलीकडे, म्हणजे घर हातून निसटत असतानाच्या काळाकडे येऊ. माझा खरा विषय तिथे आहे.

म्हाताऱ्या आईवडिलांनी घर मुलाच्या नावावर केलं आणि मग त्यांनाच बाहेरची वाट दाखवली गेली, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र ते रद्द करू शकतं. म्हणून ती अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. अर्ज करण्याची ताकद त्या आजोबांमध्ये नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली कुणीही व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते.

मारहाण करून रात्री दाराबाहेर काढलेल्या बाईला २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. तिच्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्याचा अधिकार शेजारणीलाही आहे.

मनोरुग्ण होऊन भरकटलेल्या माणसाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावं, कोठडीत डांबू नये, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. अशी माणसं बरी होऊन घरी परततात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी यांनी हे दाखवून दिलं आणि २०१८मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आजारपणही घर हिरावतं. विदर्भातला शेतकरी परळच्या टाटा रुग्णालयात येतो, तेव्हा उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. लॉज परवडत नाही, मग फुटपाथ उरतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. शेत किंवा दागिना विकण्याची वेळ अशा एका खोलीमुळे टळू शकते.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. वृद्धाचा अर्ज दुसरा करू शकतो, बाईची तक्रार शेजारीण कळवू शकते, भरकटलेल्या माणसाची खबर वाटसरू पोलिसांना देऊ शकतो. शेजाऱ्यासाठी कायद्याने मुद्दाम जागा ठेवली आहे आणि ती आपण रिकामी ठेवली आहे.

शिवाय कार्यालयाच्या दारापर्यंत पोचलेल्या बेघर माणसालाही पत्त्याचा पुरावा मागून परत पाठवलं जातं. मतदार यादीच्या बाबतीत तरी निवडणूक आयोगाने वाट काढली आहे. अर्जदार खरोखर तिथेच झोपतो का, हे केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन पाहतो. तशी खात्री झाली, की कागदी पुरावा लागत नाही. एक खातं रात्री उठून माणसापर्यंत जाऊ शकतं, तर इतर खात्यांनाही ते जमलं पाहिजे.

श्रोतेहो, या सभागृहात निवृत्त कारकून आहेत, परिचारिका आहेत, वकील आणि शिक्षक आहेत. अर्ज कसा भरतात, कोणत्या टेबलाकडे जायचं, हे तुम्हाला पाठ आहे. माझी मागणी साधी आहे. आपल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ मदत कक्ष चालवा. ज्येष्ठांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक दारावर लावा. विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ताही त्यांच्याखाली लिहा. आणि जो येईल, त्याच्यासोबत पुढच्या कार्यालयात स्वतः जा. पावसाळा तोंडावर आला आहे, घर डळमळलेल्यांना याच दिवसांत आधाराची निकड असते. सभा संपल्यावर मी इथेच थांबतो. ज्यांना हा कक्ष सुरू करायचा आहे, त्यांनी नावं द्यावीत. पहिली बैठक आजच घेऊ.