सीनेचा पूर आणि वाफशाची वाट

सोलापूर म्हटलं की टँकर आणि चारा छावणी आठवते. त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी अशी फुगली, की माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातल्या गावांना पाण्याने वेढा घातला. लांबोटीजवळ पुणे महामार्गही बंद पडला. बोटीतून माणसं निघाली. दावणीची जनावरं मात्र सगळीच वाचली नाहीत.

पाणी ओसरलं, मग खरं काम सुरू झालं. घरात गाळ, पोत्यातलं धान्य कुजलेलं, चूल बुजलेली. अशा वेळी आपली कडक भाकरी अन् शेंगाचटणी कामी येते; ना विस्तव लागतो, ना भांडं.

पुढची आशा रब्बीवर. ज्वारीचं मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातलं. पण पेरायला वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल हवी. माती मुठीत दाबावी. गोळा होऊन खाली टाकताच फुटला, तर तिफण जोडावी. घाईने चिखलात टाकलेलं बी कुजतं. जिथे मातीच खरडून गेली, तिथे मात्र एका हंगामात भागत नाही.

मार्गशीर्षात वेळ अमावस्या येते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात शेतात कडब्याची कोप उभारतात, काळ्या आईला आंबिल-भज्जीचा नैवेद्य दाखवतात. पीक जेमतेम असलं तरी पंगत बसते, वाटसरूलाही हाक मारतात. काळ्या आईचे आभार मानायचे म्हणजे पुराच्या भरपाईचा हक्क सोडायचा, असं मात्र नाही. पंचनाम्याची प्रत आणि बँक पासबुक जपून ठेवा.