दोन धमन्यांचे मूत्रपिंड
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मी पी-वे विभागातला डिप्लोमा इंजिनिअर. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझे एक मूत्रपिंड गेली चार वर्षे माझ्या पत्नीच्या ओटीपोटात काम करीत आहे.

तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाले. आमचे रक्तगट जुळले. १९९४च्या कायद्याप्रमाणे पती-पत्नी जवळचे नातेवाईक ठरतात, म्हणून मीच द्यायचे ठरले. पण सी.टी. अँजिओग्राफीत दिसले, की माझ्या डाव्या मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन धमन्या आहेत आणि उजव्याला तीन. पहिल्या रुग्णालयाने "दुसरा दाता बघा" म्हणून फाईल परत दिली. खरे सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. त्याची लाज अजून वाटते.

घरी आल्यावर पत्नीने एवढेच विचारले, "अहो, ते 'होत नाही' म्हणाले, की 'आम्ही करत नाही' म्हणाले?"

तेवढ्यासाठी आम्ही दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. साधारण चारांत एका माणसाला अशी जादा धमनी असते. हा आजार नव्हे. गर्भात मूत्रपिंड खालून वर सरकते, वाटेत नव्या धमन्या घेते, जुन्या मिटतात. एखादी मिटायची राहते. मात्र प्रत्येक धमनी आपापलाच भाग पोसते. त्यातही खालच्या टोकाची धमनी मूत्रवाहिनीलाही रक्त देते. ती बंद केली तर मूत्रवाहिनी सडून लघवी गळू शकते. म्हणून दोन्ही वाचवायच्या. मूत्रपिंड बाहेर काढून बर्फात ठेवायचे, दोन्ही धमन्यांची तोंडे शेजारी शेजारी शिवून एक करायचे, किंवा लहान धमनी मोठीच्या कुशीला जोडायची, आणि मग रुग्णाच्या ओटीपोटातल्या धमनीला जोड द्यायचा. डावे मूत्रपिंड घेण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्याची शीर लांब असते, शिवायला सोपी जाते.

धोका थोडा वाढतो, हेही त्यांनी लपवले नाही. वेळ जास्त लागतो, जोडापाशी गुठळी होऊ शकते. पण सरावलेल्या हातांत निकाल एका धमनीच्या मूत्रपिंडाच्या जवळपास येतात. मला ते लगेच पटले. रुळांत जॉइंट वाढले की देखरेख वाढवतो, गाडी बंद करीत नाही.

आज पत्नीला रोजच्या गोळ्या आहेत, त्या जन्मभर. मी दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घेतो आणि ट्रॅकवर चालतो.

मित्रहो, कुणाच्या घरी ही वेळ आली तर घाबरून मान डोलावू नका. रिपोर्ट हाती घ्या, अडचण नेमकी काय ते विचारा, अशी शस्त्रक्रिया करणाऱ्याचे दुसरे मत घ्या. तिथेही नकार मिळाला तर तो माना, कारण दात्याचा जीवही जीवच आहे.

नकाराचे कारण विचारायचे मला सुचले नव्हते. ते सुचले जिला डायलिसिसची सुई टोचत होती तिला. ती आज समोर बसली आहे.