हाड बसविण्यास जाण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावे असे मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस सांगितले, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब हा विषय घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. आम्ही मुद्दाम दुसरा मागून घेतला. कमरेत उसण भरली नाही, मान लचकली नाही, पोर झाडावरून पडले नाही, असे घर आपल्यांत विरळा. अशा वेळी पहिले वाक्य निघते ते हेच, की अमक्या गावच्या हाडवैद्याकडे न्या. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी आता 'ऑस्टिओपॅथ' हा शब्दही येऊ लागला आहे. नाव नवे असले तरी हाताने सांधे, स्नायू व पाठीचा कणा यांवर उपचार करण्याची कल्पना आपणांस नवी नाही.

पायाळू माणसाची लाथ उसणीवर चालते, ही समजूत आपणांस ठाऊक आहेच. आम्हीही लहानपणी एका पायाळू काकूंपुढे पालथे पडलो आहोत. उसण गेली, हे खरे. परंतु साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर सहा आठवड्यांत, आपल्या आपणच उतरते; आणि ती उतरताना ज्याचा हात किंवा पाय पाठीवर असेल, यश त्याच्या पदरी पडते. कोणाच्याही हातगुणाची कीर्ती ऐकताना एवढे ध्यानात असू द्यावे.

ऑस्टिओपॅथी हे शास्त्र अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या वैद्याने 1874 साली मांडले. त्यांची तीन मुले 1864 मध्ये मेंदूज्वराने दगावली, आणि तत्कालीन औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांची पाठशाळा 1892 साली मिसूरी प्रांतातील कर्क्सव्हिल येथे निघाली. आज अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, शस्त्रक्रियाही करतात. इंग्लंडात ते हाताने उपचार करणारे नोंदणीकृत व्यावसायिक असतात, तेथे त्यासाठी 1993 चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा नुसत्या पाटीवरून काही समजत नाही. आपण कोठे शिकलात, किती वर्षे शिकलात, नोंदणी कोणती आहे, हे विचारण्यात संकोच कसला? मुलीचे स्थळ पाहताना आपण याहून दसपट चौकशी करतो.

सांध्यातून 'कट्ट' असा आवाज आला की सरकलेले हाड बसले, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा होण्याशी त्या आवाजाचा संबंध असतो. बोटे मोडतानाही तोच येतो. अंगमर्दनाने व हलक्या हाताच्या उपचाराने पाठदुखीस थोडा आराम पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. त्यात कमीपणाही नाही. महात्माजींनी सेवाग्रामात कुष्ठपीडित परचुरे शास्त्रींचे अंग स्वतःच्या हातांनी चोळले. पण निसर्गोपचाराचे एवढे अभिमानी असलेल्या त्याच महात्माजींनी, 1924 च्या जानेवारीत आंत्रपुच्छाचा विकार झाला तेव्हा, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. कोठे हात चालतो आणि कोठे चालत नाही, हा विवेक महत्त्वाचा.

तो विवेक आमच्याच घरी सुटला, म्हणून आज हा विषय. आर्वी तालुक्यात आमच्या बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा बैलबंडीवरून पडला. कोपराच्या वर हाड मोडले. आम्ही स्वतः त्यास एका हाडवैद्याकडे नेले. त्याने बांबूच्या काड्या लावून घट्ट पट्टी आवळली. पोर रात्रभर रडले. बोटे गार पडली, फिकी झाली, कोणी ती सरळ करू जाता किंचाळू लागले. हाड जुळताना दुखायचेच, सहन कर बाळा, असे आम्हीच त्यास म्हणत होतो! तिसऱ्या दिवशी रुग्णालयात नेले. हात राहिला, पण बोटे आकडीसारखी वळली ती वळलीच. रक्त न मिळाल्यास स्नायू सुमारे सहा तासांत मरू लागतो, हे आम्हांस तेथे कळले. पट्टीनंतर वेदना वाढली, बोटे बधिर, गार किंवा निळी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी तत्काळ सोडवा आणि रुग्णालय गाठा. लहान मुलाच्या दुखावलेल्या कोपरास तेल लावून चोळूही नये; स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो.

आणि हे ज्ञान परदेशी आहे असे समजू नका. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेच्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की सैल बांधल्यास सांधा स्थिर राहत नाही व फार आवळल्यास सूज, वेदना आणि पाक होतो. पट्टी थंडीत सात, समशीतोष्ण काळी पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून बांधावी, असाही तेथे नियम आहे. वैशाखातल्या आपल्या वर्ध्यात महिनाभर न सोडलेली पट्टी सुश्रुताचार्यांनीही मान्य केली नसती.

आता पाठ-कंबरेविषयी. दुखण्याबरोबर बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असे असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. आपल्या देशात तो आजही आढळतो, आणि तशा कण्यास दिलेला झटका पाय कायमचे लुळे करू शकतो. पायांतील जोर जाणे, बसण्याच्या जागी बधिरता येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ही तर त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत. पडल्यानंतरचे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारे औषध, यांपैकी काहीही असल्यास ते उपचार करणाऱ्यास आधी सांगावे. वृद्ध स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात; आजीच्या पाठीवर कोणासही जोर करू देऊ नये. मानेला एकदम हिसका तर घेऊच नये. मेंदूस रक्त पुरविणाऱ्या धमन्या मानेतूनच जातात. त्यांपैकी एखादी फाटून पक्षाघात होणे क्वचित घडते, पण घडते.

जाणता उपचारक आधी विचारतो, तपासतो, काय करणार ते सांगतो, थांबा म्हटले की थांबतो, आणि काही रोग्यांस परतही पाठवितो. प्रश्न न विचारता हात घालणाऱ्यापासून उठून यावे. स्त्रियांनी घरचे माणूस बरोबर ठेवण्याचा हट्ट धरावा. त्यात कोणाचा अपमान होत नाही. चार-सहा खेपांत उतार नसेल तर पैसे मोजीत बसू नये.

आपल्या जिल्ह्यात तर साधनांची वाण नाही. सेवाग्रामास कस्तुरबा रुग्णालय आहे, त्याच्याशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय 1969 पासून चालू आहे. सावंगी मेघे येथेही मोठे रुग्णालय आहे. आधी क्ष-किरण चित्र काढावे, हाड शाबूत आहे अशी खात्री करावी, मग व्यायाम, शेक, मर्दन जे सांगतील ते करावे. कापूस वेचणाऱ्या आणि पोती उचलणाऱ्या आपल्या माणसांस पाठीच्या व्यायामाची गरज अधिक. समाजातील दोन मुली फिजिओथेरपी शिकत आहेत. भोजनानंतर मंडपाच्या उत्तरेकडील भागात त्या ओझे उचलण्याची रीत करून दाखविणार आहेत. मातांनी व शेतकरी बंधूंनी तेथे अवश्य थांबावे.