दुचाकीचा अपघात : वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांच्या निमित्ताने

दुचाकीच्या अपघाताचे कारण वेग, असे सर्रास म्हटले जाते. वर्धा जिल्ह्यातील रस्ते पाहिले की या विधानात दुरुस्ती करावी लागते. एकाच डांबरावरून चालणाऱ्या वाहनांच्या वेगांत जी तफावत असते, ती इथे अधिक घातक आहे.

नागपूर-हैदराबाद हा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जाम चौरस्ता, हिंगणघाट आणि वडनेर ओलांडून दक्षिणेला जातो. 53 क्रमांकाचा महामार्ग कारंजा (घाडगे) आणि तळेगाववरून अमरावतीकडे, तर 361 क्रमांकाचा सेलू, वर्धा, देवळी करत यवतमाळकडे जातो. हे रस्ते लांबच्या ट्रकसाठी रुंद झाले. पण त्यांनाच गावागावांच्या पांदणी येऊन मिळतात. घर एका बाजूला आणि वावर दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती असलेल्या कास्तकाराला हा महामार्ग रोज ओलांडावा लागतो. समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून गेला आहे. त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. वेगवान आणि मंद वाहने वेगळी ठेवावीत हे तत्त्व तिथे मान्य झाले. बाकीच्या रस्त्यांवर मात्र बैलबंडी, ट्रॅक्टर, स्कूटर आणि सोळा चाकी ट्रक एकाच पट्ट्यात चालतात.

कापसाच्या हंगामात हा धोका सर्वांत वाढतो. वेचणी सुरू झाली की हिंगणघाटच्या बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. ट्रॉली ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चालते. मागे दिवा नसतो, असला तर कापसाच्या गाठोड्यांआड झाकला जातो. मागून येणारी दुचाकी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल तर ती सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेकवर हात जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे 25 मीटर संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर हवेत. लहान दुचाकीच्या खालच्या झोतात पंक्चर होऊन उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर आल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. समोरून ट्रकचा प्रखर उजेड डोळ्यांवर येत असेल तर तेवढीही दिसत नाही. इथे चालवणाऱ्याचे कौशल्य कामी येत नाही, कारण थांबायला लागणारे अंतर दिसणाऱ्या अंतरापेक्षा मोठे आहे. वेग 40 वर आणला की हेच अंतर साधारण 27 मीटरवर येते. अंधारात 40 आणि 60 यांतला हा फरक प्रत्येक नव्या चालकाला परवाना देण्याआधी शिकवायला हवा. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय आहे. बाजार समितीच्या फाटकावरच तिची तपासणी व्हावी.

राँग साइडचे गणित याहून कठोर आहे. दुभाजकातील वळण लांब पडते म्हणून अर्धा किलोमीटर उलट दिशेने जाणाऱ्या दुचाकीचा वेग 40 आणि समोरच्या गाडीचा 60 असेल, तर दोघी एकमेकींकडे ताशी 100 किलोमीटरने येत असतात.

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास, आणि खरे तर हरभऱ्या-तुरीच्या सगळ्याच पट्ट्यात, रात्री रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. पूर्ण वाढलेल्या नर रोह्याचे वजन दोनशे किलोंच्या आसपास असते. पावसाळ्यात वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरची चाके काळी माती डांबरावर आणून टाकतात आणि पहिल्या सरीत तिचा निसरडा थर होतो. अशा जागी ब्रेक दाबण्याआधीच वेग उतरलेला असावा लागतो. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, या समजुतीने बरेच जण फक्त मागचाच वापरतात. वास्तविक कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्या चाकात असते. म्हणूनच एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी रचना किंवा एबीएस, आणि त्यावरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले.

डोक्याच्या दुखापतीचा इतिहास जुना आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स 1935 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. त्याला तपासणाऱ्यांपैकी एक मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटचा उपयोग दाखवून दिला. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 129 ने हेल्मेट बंधनकारक केले. तरीही केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट नसलेले 50,029 जण दगावले. त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हेल्मेट नकोसे वाटणे समजण्यासारखे आहे. पण डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा ऊन अडवतो, आघात अडवत नाही. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेटही पहिल्या धक्क्यालाच निघून जाते. चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम आहे: मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा. आईच्या मांडीवर बसलेल्या किती मुलांना तो लागू झालेला दिसतो?

अपघातानंतरचा पहिला तास निर्णायक असतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी अध्यापन रुग्णालये जिल्ह्याला लाभली आहेत. मात्र दोन्ही वर्धा शहरालगत आहेत. आष्टीच्या किंवा समुद्रपूरच्या टोकावरून तिथे पोहोचण्यातच बराच वेळ जातो. त्यामुळे 108 वर तत्काळ फोन होणे आणि जखमीची मान न वाकवता त्याला हलवणे, हे सर्वस्वी तिथे हजर असलेल्या माणसांवर अवलंबून राहते. ही माणसे पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने मागे सरतात. ती धास्ती आता निराधार आहे. 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम 134 अ नुसार, चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.