बी घराण्याचे, राखण आपली

(सास्तूर येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज माझ्या घरातली गोष्ट सांगतो. मला पन्नाशीत मधुमेह झाला. मधुमेह म्हणजे साखरेचा आजार. मी तो लपवला. मुलीचे लग्न ठरत होते. लोक म्हणतील, घराण्यात रोग आहे!

मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. हनुवटीवर राठ केस आले होते. बायका तिलाच नावे ठेवीत. कोणी अंगारा दिला, कोणी उपास सांगितले. पुढे ती गरोदर असताना तिची साखर वाढलेली सापडली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात कोणाला मधुमेह आहे का?" माझी मान खाली गेली.

मुलीच्या आजाराला पी.सी.ओ.एस. म्हणतात. बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. एरवी दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडते. या आजारात बीजे अर्धवट वाढून तिथेच राहतात. म्हणून पाळी लांबते.

इन्शुलिन नावाचा रस रक्तातली साखर अंगात मुरवतो. या आजारात पुष्कळ बायकांना तो नीट लागू पडत नाही. मग शरीर तो जास्त तयार करते. त्याने बीजकोशाचे काम आणखी बिघडते. शेवटी तोही पुरा पडत नाही, आणि साखर वाढते.

हा कल काही अंशी घराण्यातून येतो. आईकडून येतो, तसा बापाकडूनही येतो. आईबापांकडून मिळणाऱ्या या वारशाच्या बारीक कणांना जनुके म्हणतात. २००६ साली आइसलंड देशात एका जनुकात मधुमेहाचा धोका वाढवणारी खूण सापडली. २००७ साली पुणे आणि हैदराबादच्या संशोधकांना आपल्या लोकांतही तेच दिसले. अशा खुणा पुष्कळ आहेत. पण खूण आहे म्हणून रोग होणारच, असे नाही.

ज्वारीचे बी कसेही असो, मशागत आणि राखण केली तर पीक सुधारते. तसेच हे आहे. रोज चालावे. गोड आणि तळलेले कमी खावे. वजन वाढू देऊ नये.

पी.सी.ओ.एस. आहे असे कळले, की लगेच साखर तपासावी. पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासावी. गरोदरपणी तर तपासावीच. मुलगी अंगाने वाळकी असली तरी तपासावी.

माझी लेक आता हे सगळे पाळते. पण मी वेळीच बोललो असतो, तर तिची तपासणी आधीच झाली असती. तुम्ही माझ्यासारखे करू नका. घराण्यातला आजार लेकीला सांगा. त्यात तिचा दोष नाही, हेही सांगा.