भोसले : एका आडनावाचा प्रवास

आडनाव ही वरवर पाहता माणसाची ओळख पटविण्याची एक साधी सोय होय. परंतु एखादे कूळ राज्य करू लागले की त्याचे आडनाव हा हक्काचा दस्तऐवज बनतो. ‘भोसले’ हे आडनाव याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या इतिहासातील एक निर्णायक टप्पा महाराष्ट्राबाहेर, बंगळूर शहरात पार पडला. म्हणून या आडनावाची कथा सांगताना वेरूळ व रायगड यांच्याबरोबर बंगळूरचेही स्मरण करावे लागते.

या घराण्याचा सलग वृत्तांत वेरूळपासून सुरू होतो. बाबाजी भोसले यांच्याकडे वेरूळची पाटिलकी होती. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी यांनी निजामशाहीत लष्करी चाकरी करून घराण्याला सरदारीच्या पायरीवर नेले. इ. स. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि मालोजींचे पुत्र शहाजी विजापूरच्या आदिलशाहीत दाखल झाले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत बंगळूरचा किल्ला पडला, केंपेगौडाचे घराणे मागडीकडे गेले आणि बंगळूर शहाजींकडे जहागीर म्हणून आले.

शहाजींच्या बंगळूरच्या दरबारात अनेक भाषांचे कवी व पंडित होते. त्यांपैकी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. या ग्रंथात शहाजींचे कूळ मेवाडच्या राण्यांशी जोडलेले आहे. ही गोष्ट महत्त्वाची होय. शिसोदिया वंशाचा दावा १६७४ च्या राज्याभिषेकासाठी ऐन वेळी रचण्यात आला, असे अनेकदा म्हटले जाते. तो दावा ऐतिहासिकदृष्ट्या खरा की खोटा, हा प्रश्न वेगळा. पण राज्याभिषेकाच्या कितीतरी आधी, शहाजींच्या हयातीतच, तो कर्नाटकात उच्चारला जात होता, हे या ग्रंथावरून स्पष्ट होते. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपराही भोसले व घोरपडे या एकाच शिसोदिया कुळाच्या दोन शाखा मानते.

दुसरे मत याच्या नेमके उलट दिशेचे आहे. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील आपल्या ग्रंथात, २००१ मध्ये, हे कूळ दक्षिणेकडून आले असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते ‘भोसले’ हे नाव ‘होयसळ’ या राजकुलनामाशी निगडित असून, कुळाचा मूळ पुरुष आजच्या गदग जिल्ह्यातील सोरटूरकडून साताऱ्याच्या परिसरात आला. शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत आणि मालोजींनी शिंगणापूरला बांधविलेले तळे, या गोष्टी त्या मताला पोषक ठरतात. होयसळांच्या कोरीव लेखांत ‘पोय्सळ’ असे जुने रूप आढळते. तथापि ‘पोय्सळ’पासून ‘भोसले’पर्यंतचा ध्वनिबदल प्रत्येक पायरीवर दाखवून द्यावा लागेल, हा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. येथे नावाचे मूळ आणि कुळाचे मूळ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे हिताचे आहे. कूळ एका प्रदेशातून आलेले असते, तर नाव दुसऱ्या प्रदेशात मिळालेले असू शकते.

शहाजींचे १६६४ मध्ये होदिगेरे येथे निधन झाले. बंगळूरची जहागीर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे गेली. आजच्या मल्लेश्वरम् भागातील मल्लिकार्जुनाच्या देवस्थानाला त्यांनी गाव दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. पुढे व्यंकोजींनी तंजावर हे आपले राज्यस्थान केले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या हवाली केले. आडनाव मात्र कावेरीच्या खोऱ्यात रुजले. दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरण्यात आले. तमिळ भूमीवर, चोळांच्या मंदिरात, एका मराठी कुळाने आपली वंशकथा दगडावर लिहून ठेवली.

वंशकथेची अशी निकड का भासावी, याचे उत्तर पुढील अर्धशतकाने दिले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये व नागपूरचे १८५४ मध्ये औरस वारस नसल्याच्या कारणावरून खालसा झाले. दत्तकाचा हक्क मानला गेला नाही. तंजावरच्या दुसऱ्या शिवाजींचे १८५५ मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांना पुत्र नव्हता. कंपनीने राज्याबरोबर राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी दाद मागितली. परंतु ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तिची चौकशी करता येत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. दगडावर कोरलेली वंशावळ त्या न्यायासनापुढे निरुपयोगी ठरली.

सामान्य कुटुंबांच्या वाट्याला निराळे स्थित्यंतर आले. दक्षिणेत गेलेल्या अनेक मराठी घरांत आडनाव व्यवहारातून गळाले आणि ‘राव’ हे आदरार्थी पदच आडनावाच्या जागी बसले. बंगळूरमध्ये १९५० साली जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड यांना तर जग ‘रजनीकांत’ म्हणूनच ओळखते.

भोसले आडनावाची सुरुवात उत्तरेत की दक्षिणेत, हा वाद पुढेही चालू राहील. दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे असे एवढेच, की या आडनावाला इतिहासात जे वजन प्राप्त झाले ते मूळ गावाने दिलेले नाही. वेरूळचा पाटील, बंगळूरचा जहागीरदार, रायगडाचा छत्रपती आणि तंजावरचा राजा या सर्वांनी ते पिढ्यानपिढ्या मिळविले आहे.